सहासष्ट नंबरची सडक

अमेरिकेंतील मोठ्या रस्त्यांना नांवें क्वचितच असतात. त्यांना आंकडे असतात. आपल्याकडे रस्ता ज्या दोन गांवांना जोडतो त्यांच्या नांवानें तो ओळखला जातो. तिकडे मात्र कचेरींत बसून नकाशावर रेघा ओढाव्या आणि त्या रेघांना अनुक्रमानें आंकडे द्यावे, अशी पद्धति १९२६ सालीं सुरू झाली. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना सम आंकडे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम. अशा रुक्ष, हिशेबी पद्धतींतून निघालेल्या एका आंकड्यावर साऱ्या राष्ट्रानें जीव लावावा, त्याचीं गाणीं गावीं, त्याच्या पाट्या दिवाणखान्यांत टांगाव्या, आणि सरकारनें तो आंकडा रद्द करून चाळीस वर्षें लोटलीं तरी देशोदेशींच्या माणसांनीं तो रस्ता शोधीत यावें, हें नवलच म्हटलें पाहिजे. तो आंकडा म्हणजे सहासष्ट.

मिशिगन सरोवराच्या कांठच्या शिकागो शहरांतून ही सडक निघे, आणि इलिनॉय, मिझुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना व कॅलिफोर्निया अशीं आठ राज्यें ओलांडून सुमारें २,४५० मैलांवर प्रशांत महासागराजवळ पोंचे. कॅन्ससच्या वांट्याला त्यांतले तेरा-एक मैलच आले होते. पण त्या तेरा मैलांचाहि अभिमान तेथल्या लोकांना इतरांपेक्षां तिळभर कमी नाहीं.

गतवर्षीं ऑक्टोबरांत आमचा तिकडे जाण्याचा योग आला. शिकागोस आमची कन्या व जांवई असतात. "बाबा, विमानानें गेलों तर चार-साडेचार तासांत लॉस एंजल्स, नव्या महामार्गानें गेलों तर चार दिवस, आणि तुम्ही म्हणतां त्या जुन्या सडकेनें गेलों तर पंधरा दिवसहि कमीच," असें जांवईबापूंनीं आधींच बजावलें होतें. आम्हीं पंधरा दिवसांचीच वाट धरली. सौभाग्यवतींनीं मेतकूट, भाजणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या अशी जय्यत तयारी केली होती. ती पुढें किती उपयोगी पडली हें शाकाहारी वाचकांस सांगावयास नकोच.

ही सडक आज अखंड उरलेली नाहीं. कोठें ती नव्या महामार्गाच्या पोटांत गडप झाली आहे, कोठें त्याच्या कडेकडेनें धाकट्या बहिणीसारखी चालते, तर कोठें एखाद्या कुंपणापाशीं येऊन एकदम संपते. नकाशा मांडीवर घेऊन, गांवोगांव विचारीत, ती हुडकावी लागते.

तिचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात तो सायरस एव्हरी हा ओक्लाहोमांतील टल्सा येथला व्यापारी. राष्ट्रीय रस्त्यांचें जाळें आंखण्यासाठीं सरकारनें नेमलेल्या मंडळावर तो होता. गांवावरून रस्ता जाणें म्हणजे दारांतून गंगा वाहणें, हें त्याला पक्कें ठाऊक असावें. शिकागोहून पश्चिमेकडे जाणारा हा रस्ता दक्षिणेकडे झुकून नेमका टल्सावरून जातो, तो उगीच नव्हे. त्याला या रस्त्यासाठीं साठ हा आंकडा हवा होता. पण केंटकीच्या गव्हर्नरानें तोच आंकडा आपल्या राज्यांतील रस्त्याला मिळावा म्हणून हट्ट धरला, आणि दोन्ही पक्षांची चांगलीच जुंपली. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजीं मिझुरींतील स्प्रिंगफील्ड गांवीं बसून एव्हरी व त्याच्या सहकाऱ्यांनीं कोणालाच न दिलेला असा एक आंकडा शोधून काढला व वॉशिंग्टनला तार केली. ११ नोव्हेंबर १९२६ रोजीं त्यावर शिक्कामोर्तब झालें. अशा रीतीनें २०२६ हें या सडकेचें शताब्दीचें वर्ष.

कागदावर तिचा जन्म त्या दिवशीं झाला खरा, पण जमिनीवर ती जुन्याच वाटांचे तुकडे जोडून झालेली होती. पश्चिमेकडच्या भागांत १८५७ सालीं लेफ्टनंट एडवर्ड बील यानें पस्तिसाव्या अक्षांशाला धरून बैलगाड्यांची व खटाऱ्यांची वाट आंखली, तेव्हां ओझें वाहण्यासाठीं त्याच्या तांड्यांत चक्क उंट होते. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून ते जहाजांनीं आणवले होते. १९२६ सालीं या साऱ्या लांबींतील सुमारें आठशें मैलच पक्के होते. बाकी माती, खडी आणि पावसाळ्यांत चिखल. ओक्लाहोमाच्या ईशान्य कोपऱ्यांत १९२२ सालीं बांधलेला एक तुकडा अजून पाहावयास मिळतो. त्याची रुंदी अवघी नऊ फूट ! पैसे निम्म्या रस्त्यापुरतेच होते. तेव्हां पूर्ण रुंदीचा निम्मा रस्ता करण्याऐवजीं निम्म्या रुंदीचा पूर्ण रस्ता केला, असें तेथील लोक मोठ्या गमतीनें सांगतात. समोरून गाडी आली म्हणजे दोघांनींहि एका बाजूचीं चाकें मातींत उतरवावयाचीं आणि हात हालवून पुढें जावयाचें. सारी सडक पक्की होण्यास १९३८ साल उजाडलें.

या नव्या रस्त्याची जाहिरात व्हावी म्हणून १९२८ सालीं एक विलक्षण शर्यत झाली. लॉस एंजल्सहून पायीं धांवत न्यूयॉर्कला जावयाचें, आणि शिकागोपर्यंत वाट ही ! १९९ जण निघाले; ५५ पोंचले. पहिला आला तो ओक्लाहोमांतील अँडी पेन नांवाचा, चेरोकी वंशाचा वीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. चौऱ्यायशीं दिवस तो धांवला आणि बक्षिसाच्या २५,००० डॉलरांतून त्यानें बापाची गहाण जमीन सोडविली.

त्या मुलाची जमीन सुटली. पण थोड्याच वर्षांत त्याच्या प्रांतांतील हजारों कुटुंबांच्या हातून जमीन निसटली. १९३० नंतरचा तो काळ. गव्हाच्या लोभानें नांगरून उघडी केलेलीं मैदानें, त्यावर वर्षानुवर्षें अवर्षण, आणि मग दिवसां अंधार करणारीं धुळीचीं वादळें. धान्याचे भाव आधींच कोसळलेले. जेथें धूळ पोंचली नाहीं तेथें ट्रॅक्टर पोंचला, आणि खंडानें जमीन कसणाऱ्या कुळांची मालकाला गरज उरली नाहीं. मोडकीतोडकी मोटार, तिच्यावर गाद्या, खाटा, भांडीं, कोंबड्यांचें खुराडें, आणि त्या सर्वांच्या मधून डोकावणारीं मुलें, असे तांडेच्या तांडे या सडकेनें कॅलिफोर्नियाकडे निघाले. जॉन स्टाइनबेक यानें १९३९ सालच्या 'ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरींत याच रस्त्याला सर्व रस्त्यांची माता म्हटलें. तें बिरुद आज तिकडे चहाच्या पेल्यांवर आणि टोप्यांवर छापून विकतात. पण तें ज्या माणसांच्या संदर्भांत लिहिलें गेलें तीं सहलीला निघालेलीं नव्हतीं, हें पेले विकत घेतांना कोणाच्या ध्यानीं येत असेल असें वाटत नाहीं.

ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला ओटमनचा घाट आहे. कठड्याविना नागमोडी वळणें, एका अंगाला डोंगर व दुसऱ्या अंगाला दरी. सौभाग्यवतींनीं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली ती घाट उतरेपर्यंत थांबविली नाहीं. त्या काळच्या फोर्ड गाड्यांच्या इंजिनाला पेट्रोल केवळ उतारानें वाहून मिळे. चढावर गाडीचें नाक वर झालें कीं पुरवठा खुंटे. म्हणून शहाणे लोक हा घाट उलटे, मागच्या मागें गाडी हांकीत चढत. ज्यांना तें धाडस होत नसे ते पैसे देऊन गाडी ओढून नेववीत. आणि घाट उतरून वाळवंट ओलांडावें तों काय ? १९३६ च्या आरंभीं लॉस एंजल्सच्या पोलिसप्रमुखानें आपले शिपाई थेट राज्याच्या सरहद्दीवर पाठवून ठेवले होते. खिशांत पैसे नसलेल्यांना ते परत फिरवीत. स्वतःच्याच देशांत, एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत शिरावयास मज्जाव ! गरिबाला राज्यांत आणणें हाच गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४१ सालीं रद्द केला, तेव्हां कोठें या प्रश्नाचा कायद्यापुरता निकाल लागला.

जुन्या सडकेचे भक्त नव्या महामार्गाला नेहमीं शिव्या देतात. त्यानें गांवें मारलीं, असें म्हणतात. तें खरेंच आहे. परंतु या सडकेनें स्वतः तेंच केलें होतें, हें ते विसरतात. न्यू मेक्सिकोमधील सँटा फे हें प्राचीन राजधानीचें शहर. मूळ सडक उत्तरेकडे मोठा वळसा घेऊन त्यावरून जात असे. १९२६ च्या निवडणुकींत गव्हर्नर हॅनेट हरला. सँटा फेच्या राजकारणी मंडळींनीं आपला घात केला असें त्याच्या मनानें घेतलें, आणि अधिकार जाण्यापूर्वीं उरलेल्या दिवसांत त्यानें राज्यांतल्या रस्तेखात्याच्या साऱ्या टोळ्या गोळा करून सँटा फेला बाजूला टाकणारा सरळ रस्ता खणावयास लावला. थंडी, हिमवर्षाव, कुंपणें तोडल्याबद्दल चिडलेले जमीनमालक, कशाचीहि पर्वा केली नाहीं. नव्या गव्हर्नरानें काम थांबविण्यासाठीं माणूस धाडला. तो हिमवादळांतून पोंचेपर्यंत रस्ता झालेला होता! १९३७ सालीं सहासष्टाची सडक अधिकृतपणें या सरळ वाटेनें नेण्यांत आली, त्या राज्यांतील तिची लांबी सुमारें शंभर मैलांनीं घटली, आणि वळशावरच्या गांवांकडे वाटसरूंनीं पाठ फिरविली. आज जिच्या संथपणाचे गोडवे गाइले जातात ती सडक आपल्या तरुणपणीं अशी घाईची होती.

महायुद्ध संपलें, पेट्रोल व टायर यांवरचे निर्बंध उठले, आणि मग तिचे खरे वैभवाचे दिवस आले. मध्यमवर्गीय कुटुंबें उन्हाळ्याच्या सुटींत मुलांबाळांसह पश्चिमेकडे निघालीं. त्यांना थांबवून घेण्यासाठीं दर दहा-वीस मैलांवर पेट्रोलपंप, खाणावळ आणि 'मोटेल' म्हणजे मोटारवाल्यांची धर्मशाळा उभी राहिली. फरक एवढाच कीं येथें पुण्यासाठीं कोणी कांहीं बांधलें नव्हतें. जो तो वाटसरूचें लक्ष वेधण्याची खटपट करी. कोणी लाल-निळ्या निऑन दिव्यांच्या पाट्या लावी, कोणी दगडी डायनोसॉर उभे करी, तर कोणी सिमेंटचे तंबू बांधून त्यांत खोल्या करी. ॲरिझोनांत हॉलब्रुक येथें १९५० सालचे असे तंबू अजून आहेत. त्यांना 'विगवॅम' म्हणतात. वास्तविक तो आकार विगवॅमचा नव्हे, मैदानी टोळ्यांच्या 'टिपी'चा, आणि त्या भागांतल्या मूळ रहिवाशांचीं घरें टिपीसारखीं नसत. पण धंद्यांत एवढी चिकित्सा कोण करतो !

टेक्सास व न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचें ग्लेनरिओ हें गांव मला फार आवडलें. गांव एकच, पण अर्धें या राज्यांत, अर्धें त्या राज्यांत. न्यू मेक्सिकोंत पेट्रोलवर कर अधिक, म्हणून पंप सारे टेक्सासच्या बाजूला. टेक्सासच्या त्या परगण्यांत दारूबंदी, म्हणून पिण्याचीं दुकानें सारीं न्यू मेक्सिकोच्या बाजूला. गाडीनें एकीकडे प्यावें आणि माणसानें दुसरीकडे ! आज तेथें ओसाड इमारती, फुटलेल्या कांचा व वारा. ओक्लाहोमांतील कॅटूसा येथें एका तळ्यांत मोठा निळा देवमासा आहे. देवमाशांच्या लहान मूर्ति जमविण्याचा छंद असलेल्या आपल्या पत्नीसाठीं एका गृहस्थानें तो १९७२ च्या सुमारास लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून लोखंड व सिमेंटाचा बांधला. सौभाग्यवतींनीं ही हकीकत लक्षपूर्वक ऐकली व माझ्याकडे पाहिलें. असो.

१९४६ सालीं बॉबी ट्रूप या गीतकारानें पत्नीसह मोटारीनें पश्चिमेकडे येतां येतां या रस्त्यावर एक गाणें रचलें. वाटेवरच्या गांवांचीं नांवें त्यांत माळेसारखीं ओंवलेलीं आहेत. तें गाऊन घरोघर पोंचविलें नॅट किंग कोल या गायकानें. कोल कृष्णवर्णीय होता. ज्या रस्त्यावर मजा करा असें तो गात होता, त्या रस्त्यावरच्या कित्येक गांवीं त्याला स्वतःला रात्रीपुरती खोली मिळाली नसती. कांहीं गांवांत तर सूर्यास्तानंतर काळ्या माणसानें दिसूंच नये असा दंडक होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन नांवाच्या पोस्टमननें १९३६ सालापासून एक हिरवें पुस्तक काढावयास सुरुवात केली. कोणत्या गांवीं कोणाच्या घरीं निजावयास मिळेल, कोठें जेवण मिळेल, याची ती यादी. कृष्णवर्णीय कुटुंबें तें गाडींत ठेवीत, आणि त्याखेरीज जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या व पेट्रोलचे डबेहि बरोबर घेत. ओक्लाहोमांतील लूथर गांवाजवळ थ्रेट नांवाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा दगडी पेट्रोलपंप आम्हीं पाहिला. अशा वाटसरूंना निर्धास्तपणें गाडी थांबवितां येईल अशा मोजक्या जागांपैकीं ती एक. पाणपोई सर्वांसाठीं नसणें ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाहीं. त्यामुळें त्या पंपापुढें उभें असतांना आमच्यापैकीं कोणालाच फारसें बोलवेना.

या सडकेला उतरती कळा लागली ती १९५६ सालीं. आयझेनहॉवर यांनीं तरुण लष्करी अधिकारी असतांना १९१९ सालीं लष्करी गाड्यांच्या तांड्याबरोबर अमेरिका आडवी ओलांडण्याचे हाल सोसले होते, आणि पुढें युद्धांत जर्मनीचे भव्य मोटार-रस्ते पाहिले होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनीं आंतरराज्य महामार्गांचा कायदा करविला. चार पदरी, चौक नाहीं, सिग्नल नाहीं, गांव नाहीं. एकेक करून सडकेवरचीं गांवें वगळलीं गेलीं. शेवटचें ॲरिझोनांतील विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४ रोजीं. २७ जून १९८५ रोजीं सहासष्ट हा आंकडा राष्ट्रीय यादींतून काढून टाकण्यांत आला.

गांव वगळलें जाणें म्हणजे काय, हें त्याच राज्यांतील सेलिग्मन येथें समजतें. एंजल डेल्गाडिलो हा तेथला न्हावी, मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांत १९२७ सालीं जन्मलेला. बापाचा धंदाहि हाच. लहानपणीं धुळीच्या वादळांतून आलेले तांडे त्यानें याच सडकेवरून जातांना पाहिले. भाऊ हुआन यानें रेल्वेच्या आवारांतील टाकाऊ लांकडें आणून १९५३ सालीं एक खाण्याचें दुकान थाटलें. २२ सप्टेंबर १९७८ रोजीं नवा महामार्ग खुला झाला, आणि त्या दुपारीं गांवांतली वाहतूक थांबली. हळूहळू ओसरली नाहीं, थांबली. काल रस्ता ओलांडण्यासाठीं खोळंबून उभें राहावें लागे, आज त्यावर कुत्रें निजलें तरी चालावें. महामार्ग तेथून फार दूर नाहीं. गाड्या तितक्याच होत्या, पण त्यांना या गांवाशीं कर्तव्य उरलें नाहीं. दुकानें मिटलीं, तरुण गांव सोडून गेले.

बहुतेक गांवांची कथा येथें संपते. डेल्गाडिलोनें मात्र कैंची ठेवून पत्रें लिहावयास घेतलीं. १९८७ च्या फेब्रुवारींत मूठभर माणसें जमवून त्यानें एक मंडळ स्थापन केलें, आणि सेलिग्मन ते किंगमन हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर करण्यास राज्य सरकारला त्याच वर्षीं भाग पाडलें. इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. त्याचा युक्तिवाद साधा होता : रस्ता परत मिळणार नाहीं, पण रस्त्याची आठवण आमच्या मालकीची आहे, ती तरी आम्हांला विकूं द्या. आज जगभरच्या प्रवाशांनीं चिकटविलेल्या कार्डांनीं त्याच्या दुकानाच्या भिंती झांकून गेल्या आहेत. २००६ सालचा 'कार्स' हा लहान मुलांचा बोलपट काढणारे लोकहि याच न्हाव्याकडून त्या दुपारची हकीकत ऐकून गेले. आमच्या नातवाला तो बोलपट तोंडपाठ. त्यामुळें सेलिग्मनला उतरतांच गांवाची माहिती आम्हीं त्याच्याकडूनच ऐकली.

कोणी म्हणेल, हा आठवणींचा बाजार आहे. आहेच. तेच फलक, तेच पेले, त्याच टोप्या पाहून शेवटीं कंटाळाहि येतो. पण हा बाजार कोणी मांडला हें पाहिलें पाहिजे. मोठमोठ्या कंपन्यांचीं उपाहारगृहें नव्या महामार्गाच्या तोंडाशीं. येथें जुन्या सडकेवर नवरा रांधतो, बायको वाढते, आणि लेक हिशेब करते. त्यांत आपलेहि लोक आहेत. अमेरिकेंतील मोटेलांचा धंदा फार मोठ्या प्रमाणांत गुजराती कुटुंबांच्या हातीं आहे हें प्रसिद्धच आहे. एके काळीं त्यांना डिवचण्यासाठीं शेजारचे मोटेलवाले आपल्या पाटीवर 'मालक अमेरिकन' असें मुद्दाम लिहीत. कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनोच्या सीमेवरचे असेच सिमेंटचे तंबू अगदीं बदनाम व जीर्ण झाले होते. २००३ सालीं एका पटेल कुटुंबानें ते विकत घेतले, निगुतीनें दुरुस्त केले, आणि जुन्या सडकेचें जतन केल्याबद्दल त्यांचा गौरव झाला. तेथें आम्ही एक रात्र राहिलों. गोल खोली, उतरत्या भिंती. उशाशीं सरळ उभें राहिलें कीं डोकें आपटतें.

त्याच्या आदल्या दिवशीं मोहावीचें वाळवंट लागलें होतें. ॲम्बॉय हें गांव १९७३ सालीं नवा महामार्ग झाला तेव्हां वगळलें गेलें. तेथल्या मोटेलपुढें १९५९ सालची प्रचंड पाटी आहे. कित्येक वर्षें ती विझलेली होती, २०१९ सालीं तिचे दिवे पुन्हां लागले. त्या भागांत रस्त्याच्या कडेनें पुराचें पाणी अडविण्यासाठीं मातीचा लांबच लांब बांध घातलेला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनीं काळे दगड मांडून त्यावर आपापलीं नांवें लिहून ठेविलीं आहेत. मैलोगणती नांवें. कांहीं नुकतींच मांडलेलीं, कांहींतील दगड घरंगळून अक्षरें मोडलेलीं.

सँटा मोनिकाच्या समुद्रांतील धक्क्यावर 'वाट येथें संपली' अशी पाटी आहे, आणि तिच्याखालीं छायाचित्र काढून घेण्यासाठीं गर्दी उसळते. ती पाटी २००९ सालीं लावलेली आहे. सरकारी दप्तराप्रमाणें सडक समुद्रापर्यंत जातच नव्हती. अलीकडे, लिंकन व ऑलिंपिक या दोन रस्त्यांच्या एका चौकांतच ती संपे. धक्क्यावरून परततांना आम्हीं जांवईबापूंना गाडी त्या चौकाकडे वळवावयास सांगितलें. तेथें कोणी छायाचित्र काढीत नव्हतें. सिग्नल लाल होता, तो हिरवा झाला, आणि मागच्या गाडीनें कर्णा वाजविला.